कर्मविचाराचा ऑनलाइन अभ्यासक्रम : पूर्वार्ध भक्कम, उत्तरार्ध सावधपणे ऐकावा असा

पतंजलींच्या योगसूत्रांच्या आधारे कर्म आणि घरातून आलेल्या धारणा यांचा विचार करणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. कर्म म्हणजे कपाळी लिहिलेले भोग, ही समजूत ज्यांच्या मनात घट्ट बसली आहे, त्यांनी त्याचा पूर्वार्ध अवश्य ऐकावा.

साधनपादाचे, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या प्रकरणाचे, विवेचन हे त्याचे खरे बळ आहे. कर्माशयाचे (साठलेल्या कर्मसंस्कारांचे) मूळ क्लेशांत, म्हणजे अविद्या, द्वेष यांसारख्या चित्ताला पीडणाऱ्या दोषांत, असते आणि ते मूळ शिल्लक असेपर्यंतच त्याला जाती (म्हणजे जन्म), आयुष्य व भोग या रूपांनी फळे येतात, हा १२व्या व १३व्या सूत्रांतील विचार शिक्षकांनी घाई न करता उलगडला आहे. अविद्येखेरीज (मूळ अज्ञानाखेरीज) इतर क्लेश प्रसुप्त (सुप्त), तनु (क्षीण), विच्छिन्न (मधूनमधून दबलेले) आणि उदार (पूर्ण प्रकट) अशा चार अवस्थांत असतात, हे कळले की वर्षानुवर्षे न जाणवलेला द्वेष एखाद्या प्रसंगी एकाएकी का उफाळतो, हेही समजते. सर्वांत मोलाचे विवेचन ३४व्या सूत्राचे आहे. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली किंवा केवळ अनुमोदिलेली असू शकते. वडीलधाऱ्यांकडून आलेला तिरस्कार आपण कृतीत आणला नसला, तरी त्याला मूक संमती दिली असेल तर तीही तपासली पाहिजे, हा शिक्षकांचा आग्रह मला मनापासून पटला.

उत्तरार्धात मात्र ‘पूर्वजांचे कर्म’ फेडण्याची भाषा सुरू होते आणि तिला कैवल्यपादातील (चौथ्या प्रकरणातील) ९व्या सूत्राचा आधार दिला जातो. ते सूत्र जन्म, देश व काल यांचे अंतर पडूनही टिकणाऱ्या, त्याच चित्तातील संस्कारांविषयी, म्हणजे अनुभवांच्या ठशांविषयी, आहे. आजोबांचे कर्म नातवाकडे येते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. घरात शिकलेल्या धारणांना संस्कारांची ही उपपत्ती लावून पाहणे उपयुक्त आहे, पण ती आजची जोड आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे होते, कारण आधीच दुःखात असलेला श्रोता त्यामुळे सगळ्या घराण्याचा दोष स्वतःवर ओढवून घेईल. संचित (साठलेले), प्रारब्ध (फळ देऊ लागलेले) व क्रियमाण (आता घडत असलेले) कर्म ही वेदान्तातील परिभाषाही येथे पतंजलींच्या नावावर खपून जाते.

लेखी स्वाध्याय साधेच, पण नेटके आहेत. त्यांच्यासोबत काही आठवड्यांत धारणा बदलण्याचे जे आश्वासन दिले आहे, ते तेवढे वगळावे. दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो, असे समाधिपादाचे (पहिल्या प्रकरणाचे) १४वे सूत्र सांगते, आणि ते याच अभ्यासक्रमाच्या पहिल्या भागात शिकवले आहे.