मासळीच्या संशोधनात पैसा घालायचा, तर आधी कशात?

मच्छीमारांची सहकारी संस्था असो, मासळी विकणारी कंपनी असो की छोटासा विश्वस्त निधी, संशोधनासाठी पैसे बाजूला काढले की साधारण चार प्रकारचे प्रस्ताव समोर येतात: साठ्याची (म्हणजे समुद्रात किती मासे उरलेत याची) मोजणी, जाळ्यांतली सुधारणा, मत्स्यशेतीचं खाद्य आणि मासळीवरची प्रक्रिया. 'शाश्वत' हा शब्द चौघांच्याही पहिल्याच पानावर असतो. प्रत्यक्षात पैसे परत यायला लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा आणि समुद्रातल्या माशांवर होणारा परिणाम तर फारच वेगळा. चौघांना थोडं थोडं वाटून टाकण्याचा मोह होतो, पण त्यात एकही काम धड पुरं होत नाही. तो पर्याय मी विचारातच घेत नाही.

निवड महत्त्वाची का, हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या आकड्यांवरून कळतं. १९७४ मध्ये जगातले सुमारे ९० टक्के सागरी मत्स्यसाठे जैविकदृष्ट्या सुरक्षित पातळीत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ६२.३ टक्क्यांवर आलं.

मोजणी की जाळी?

खरी चुरस या दोघांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मोजणीचं काम कंटाळवाणं आणि महागडं. सर्वेक्षणाचं जहाज, ध्वनिलहरींनी थव्यांचा अंदाज, माशाच्या कानातल्या खड्यावरची वलयं मोजून ठरवलेलं वय, आणि हे सगळं वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने. पहिली चार-पाच वर्षं हाती दाखवण्यासारखं काहीच नसतं. पण ते नसलं किंवा चुकलं की काय होतं, ते कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर दिसलं. तिथे कॉड माशांचा साठा आटत असताना मोठ्या ट्रॉलरना दर तासाला मिळणारी मासळी मात्र चांगलीच दिसत होती. उरलेले मासे दाट थव्यांनी एकवटत होते आणि बोटी त्यांना हुडकण्यात तरबेज होत गेल्या होत्या. त्या आकड्यांनी साठ्याचा अंदाज फुगला. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, तीस हजारांवर लोकांचा रोजगार गेला आणि बंदी उठायला २०२४ उजाडलं. त्यामुळे 'आमच्या बोटींना अजून भरपूर मिळतंय' हा पुरावा कोणी पुढे केला, तर तो बिनधास्त बाजूला ठेवावा.

जहाज परवडत नसेल तर स्वस्त वाट आहे: बंदरावर उतरणाऱ्या माशांची लांबी मोजणं. मत्स्यशास्त्रज्ञ रायनर फ्रोझे यांनी २००४ मध्ये तीन साधे निकष मांडले. पकडलेल्यांपैकी किती मासे निदान एकदा अंडी घालण्याइतके वाढलेले होते, ज्या लांबीला पकडल्यास साठ्यातून सर्वाधिक वजनाची मासळी मिळते तिच्या आसपास किती मासे होते, आणि भरपूर अंडी देणाऱ्या जुन्या मोठ्या माद्या किती मारल्या गेल्या. एक मोजपट्टी, दोन शिकवलेली माणसं आणि न चुकता ठेवलेली नोंद एवढ्यावर हे चालतं.

जाळ्यांच्या संशोधनाचा निकाल मात्र एका हंगामात दिसतो. एकाच बोटीने एक जुनं आणि एक सुधारलेलं जाळं शेजारी शेजारी ओढायचं, दोन्हींच्या खोळी, म्हणजे मासे साठतात त्या मागच्या पिशव्या, वेगवेगळ्या रिकाम्या करायच्या आणि वजन करायचं. तिथल्या तिथे हिशोब. वावही मोठा आहे: एफएओच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगभरातल्या बोटी दरवर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी पकडून परत समुद्रात फेकत होत्या आणि त्यातली जवळपास निम्मी तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांतून येत होती.

इथल्या कल्पना बऱ्याचदा बोटीवरच जन्मतात. कोळंबीच्या जाळ्यात बसवतात ती तिरपी जाळीदार चौकट नॉर्वेतल्या मच्छीमारांनी आधी जेलीफिश बाहेर काढायला वापरली. तिच्यातून लहान कोळंबी मागे खोळीत जाते आणि मोठे मासे वरच्या झडपेतून निसटतात, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात ती तिथे सक्तीची झाली.

पण चाचणीशिवाय विश्वास ठेवू नये, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगॉनचं. कोळंबीच्या जाळ्यात युलाकॉन नावाचे छोटे मासे फार येत. संशोधकांनी हिरवे एलईडी दिवे लावून पाहिले. चौकटीपाशी लावले तर युलाकॉनचं प्रमाण दुपटीवर गेलं. तेच दिवे जाळ्याच्या पुढच्या, तळालगतच्या दोरावर लावले तर ते ९१ टक्क्यांनी घटलं आणि कोळंबी जवळजवळ तेवढीच मिळाली. दिवा तोच, जागा बदलली आणि निकाल उलटा. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मच्छीमारांनी नियमाची वाट न पाहता दिवे लावायला सुरुवात केली. कोळंबी घटली असती तर कोणी लावले असते, असं मला वाटत नाही.

मग सरळ जाळीच निवडायची का? मी म्हणेन हो, पण मोजपट्टी आधी सुरू करून. कारण जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, मोठा केला की लहान मासे खोळीत येणंच थांबतं. मग बंदरावरच्या नोंदीत सरासरी लांबी वाढलेली दिसते आणि साठा सुधारल्याचा भास होतो. जाळं बदलण्याआधीची दोन-तीन वर्षांची नोंद हाताशी असेल, आणि जुन्या जाळ्याची एखादी बोट तुलनेसाठी नंतरही चालू ठेवली, तरच खरं काय घडलं ते कळेल. निसटलेले मासे जगतात की खवलं गेल्याने पुढे मरतात, हाही प्रश्न प्रस्तावात हवा. तो बहुतेक वेळा नसतो.

मत्स्यशेतीचं खाद्य

२०२२ मध्ये जलचरांच्या उत्पादनात मत्स्यशेतीने पहिल्यांदाच पकडीला मागे टाकलं. तिचा वाटा ५१ टक्के झाला. त्यामुळे हा विषय दुर्लक्ष करण्यासारखा नाही. नॉर्वेत सामन माशांच्या खाद्यातला सागरी घटकांचा वाटा १९९० मध्ये सुमारे ९० टक्के होता, तो २०१३ पर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास आला. मात्र जागा घेतली सोया आणि वनस्पती तेलांनी, म्हणजे भार जमिनीवर सरकला, आणि शेतीतल्या सामनमधलं ओमेगा-३ सुद्धा घटलं. शिवाय या क्षेत्रात बड्या खाद्य कंपन्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. लहान निधीने इथे शिरू नये. शेतीतच काम करायचं असेल तर निवडक पैदास, म्हणजे चांगले मासे निवडून त्यांचीच पुढची पिढी घेणं, पाहावी. १९८८ मध्ये सुरू झालेल्या तिलापियाच्या 'गिफ्ट' कार्यक्रमातून सुधारलेलं बीज अनेक देशांतल्या लहान शेतकऱ्यांपर्यंत पोचलं.

प्रक्रिया

पैसे सर्वांत लवकर इथून परत येतात. कॉडच्या वजनातला निम्म्याहून कमी भाग फिले, म्हणजे काटे काढलेलं मांस, म्हणून विकला जातो. उरलेल्याचं काय करायचं, हे आइसलँडने जगाला दाखवलं. डोकी वाळवून विकतात, यकृताचं तेल काढतात, कातडीतून कोलॅजेन मिळवतात. केरेसिस ही तिथली कंपनी तर कातडीपासून जखमेवर लावायचं आवरण बनवते.

माझा आक्षेप वेगळाच आहे. आइसलँडमध्ये कॉडसाठी १९८४ पासून बोटनिहाय कोटा, म्हणजे प्रत्येक बोटीला पकडीची ठरलेली मर्यादा, आहे. पकड वाढवता येत नाही, म्हणून त्याच माशातून जास्त काढण्यात शहाणपण. जिथे पकडीवर मर्यादाच नाही, तिथे प्रत्येक मासा जास्त मोलाचा झाला की आणखी बोटी पाण्यात उतरतात. अशा ठिकाणी प्रक्रियेवरच्या संशोधनाला 'शाश्वत' म्हणणं धाडसाचं आहे. बोटीवर वेळेत बर्फ आणि नीट हाताळणी एवढ्यापुरतं काम असेल तर गोष्ट निराळी. तिथे नासाडी थेट कमी होते.

कोणी काय निवडावं

स्वतःच्या बोटी असलेल्या संस्थेने मोजपट्टी आणि जाळी, याच क्रमाने. कोटा लागू असलेल्या ठिकाणच्या कंपनीने प्रक्रिया, निर्धास्तपणे. कोटा नसेल तर नफ्यातला ठरावीक वाटा मोजणीला बांधून. दहा वर्षं थांबू शकणाऱ्या सार्वजनिक निधीने सर्वेक्षणाचा खर्च उचलावा, कारण तो दुसरं कोणी उचलणार नाही.

प्रस्ताव कोणताही निवडा, सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: चाचणी कोणाच्या बोटीवर आणि त्या दिवशी कमी मासळी मिळाली तर भरपाई कोण देणार, नोंदी कोणाच्या मालकीच्या राहणार, आणि प्रयोग फसला तरी त्याचे आकडे प्रसिद्ध होणार की नाही.