टायटल वनची पालक-सहभाग योजना: कायद्याला साडेचार तारे, सप्टेंबरच्या सभेला दीड

अमेरिकेतल्या सरकारी शाळेचं वर्ष सुरू झालं की मुलाच्या दप्तरातून कागदांचा गठ्ठा घरी येतो. त्यातल्या एका कागदावर ‘टायटल वन’ असं छापलेलं असतं आणि खाली सहीची रेघ. सही होते, कागद परत जातो, विषय संपतो. वास्तविक या कागदामागे पालकांच्या हक्काची एक अख्खी सेवा उभी आहे, आणि तिचा उपयोग होतो की नाही हे बरंचसं तुम्ही कोणत्या महिन्यात तोंड उघडता यावर ठरतं.

टायटल वन म्हणजे गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांना मिळणारा केंद्र सरकारचा निधी. कायदा १९६५ चा, लिंडन जॉन्सन यांच्या काळातला; २०१५ च्या सुधारणेनंतर पालकांबद्दलच्या तरतुदी कलम १११६ मध्ये आहेत. महागड्या उपनगरांतल्या शाळांना हा निधी बहुधा नसतो, त्यामुळे तिथल्या मराठी घरांना हे नाव परकं वाटेल. शहरात भाड्याने राहून जवळच्या शाळेत मूल घातलं असेल, तर मात्र शाळा टायटल वन आहे का हे ऑफिसात एकदा विचाराच.

आता पैशाचं. ज्या डिस्ट्रिक्टला (म्हणजे परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) वर्षाला ५,००,००० डॉलरपेक्षा जास्त टायटल वन निधी मिळतो, त्याला त्यातला किमान १ टक्का पालक-सहभागासाठी बाजूला काढावा लागतो, आणि त्या रकमेचा किमान ९० टक्के भाग शाळांपर्यंत पोचवावा लागतो. समजा निधी २०,००,००० डॉलर आहे. १ टक्का म्हणजे २०,०००. त्यातले १८,००० शाळांना. सहा शाळांत सारखे वाटले तर प्रत्येकी ३,०००. एवढ्यात पगारी माणूस नेमता येत नाही, पण संध्याकाळच्या सभेला मुलं सांभाळायला कोणी ठेवणं, येण्याजाण्याचं भाडं, वाचन-गणिताच्या कार्यशाळा, घरी न्यायची पुस्तकं, हे सगळं बसतं. करमणुकीवर खर्च चालत नाही. रक्कम छोटी आहे, पण ती कशी खर्चायची हे ठरवताना पालकांना सामील करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. नेमकी हीच गोष्ट पालकांच्या वार्षिक सभेत कोणी सांगत नाही.

सभा हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग. वर्षातून एकदा ती घ्यावीच लागते, म्हणून बऱ्याच शाळा ती ओपन हाउसच्या, म्हणजे पालकांना शाळा दाखवण्याच्या, संध्याकाळी जिममध्ये उरकतात: दहा मिनिटं, भिंतीवर काही स्लाइड, दाराशी सह्यांचा तक्ता. कारण सरळ आहे. तपासणीला येणारा सभेची विषयपत्रिका, उपस्थितांच्या सह्या आणि इतिवृत्त मागतो. पालकांनी काय बदललं हे विचारत नाही. शिवाय टायटल वनचा पैसा कसा वापरायचा याचा त्या वर्षाचा आराखडा आदल्या वसंतातच पक्का झालेला असतो. म्हणजे सप्टेंबरात सूचना करणं हे पंगत उठल्यावर मीठ वाढण्यासारखं. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची बैठक कधी, हे फेब्रुवारी-मार्चमध्येच मुख्याध्यापकांना ईमेलने विचारा. त्याच ईमेलमध्ये यंदा पालकांसाठी किती रक्कम आली आणि ती खर्चताना कोणत्या पालकांना विचारलं, हेही विचारा. आराखडा पटला नाही तर लेखी द्या. असे अभिप्राय आराखड्यासोबत डिस्ट्रिक्टकडे पाठवणं शाळेवर बंधनकारक आहे. पालकांना मताधिकार मात्र नाही. महाराष्ट्रातली शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, कागदावर तरी याहून भक्कम आहे.

उलट साडेचार तारे ज्यासाठी द्यावेत तो म्हणजे माहितीचा हक्क. मुलाच्या शिक्षकांकडे त्या इयत्तेचा आणि विषयाचा राज्याचा परवाना आहे का, की तात्पुरत्या परवानगीवर शिकवतात, हे टायटल वन शाळेतला कोणताही पालक विचारू शकतो. परवाना नसलेल्या शिक्षकाने सलग चार आठवडे किंवा जास्त शिकवलं, तर शाळेने आपणहून कळवावं लागतं. वर्षाच्या मध्येच वर्गशिक्षिका रजेवर गेल्या आणि असं पत्र आलं, तर ते फेकू नका. कायमची नेमणूक कधी होणार हे विचारायला ते हातात असलेलं बरं.

भाषेचा प्रश्न मराठी घरांत हमखास चुकतो. प्रवेशाच्या वेळी ‘घरी कोणती भाषा बोलता’ असा फॉर्म असतो. ‘मूल मागे पडेल’ या भीतीने तिथे इंग्रजी लिहिणारे बरेच. मराठी लिहिलं म्हणून मूल वेगळ्या वर्गात जात नाही. आधी फक्त इंग्रजीची चाचणी होते. त्यात मदतीची गरज दिसली तर वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत शाळेने कारणासह कळवावं लागतं, आणि इंग्रजीच्या मदतीचा तो विशेष वर्ग नाकारायचा हक्क पालकांकडे राहतो. नाकारला तरी वार्षिक इंग्रजी चाचणी मात्र चुकत नाही. कागद पालकांच्या भाषेत ‘शक्य तितपत’ द्यावेत असं कायदा म्हणतो, आणि छापील मराठीच्या बाबतीत हे ‘शक्य तितपत’ फार लवकर संपतं. फोनवरचा दुभाष्या हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. चार दिवस आधी मागा आणि ‘मराठी’ हा शब्द स्पष्ट सांगा; नुसतं ‘इंडियन’ म्हटलंत तर पलीकडून हिंदी ऐकू येईल. मुलालाच दुभाष्या करू नका. स्वतःच्या प्रगतीची बातमी ते स्वतः गाळून सांगणार.

पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, आणि टायटल वनची ही योजना एक नव्हे. पीटीएची वर्गणी भरली नाही तरी इथला एकही हक्क कमी होत नाही.

शेवटी तो सहीचा कागद, म्हणजे शाळा-पालक करार. तो पालकांसोबत बसून तयार करायचा असतो, आणि प्राथमिक शाळेत वर्षातून किमान एका पालक-शिक्षक भेटीत त्यावर बोलावंच लागतं. भेट जेमतेम पंधरा मिनिटांची असते, म्हणून करारातली एकच ओळ निवडून न्या, उदाहरणार्थ प्रगतीचा अहवाल किती वेळा मिळेल ती. शाळेने दाद दिली नाही तर डिस्ट्रिक्टच्या टायटल वन समन्वयकाला लिहा, आणि तिथेही उत्तर आलं नाही तर राज्याच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा. अशा तक्रारींसाठी ठरलेली कार्यपद्धती प्रत्येक राज्याला ठेवावीच लागते.