मोठ्या कॉलेजात मेकॅनिकल घेऊन ब्रँच बदलावी, की साध्या कॉलेजात थेट कॉम्प्युटर घ्यावे?

सीईटीचे पर्सेंटाइल असे अडनिडे आले आहे की नावाजलेल्या कॉलेजात मेकॅनिकल किंवा सिव्हिल मिळतेय, आणि कॉम्प्युटर हवे तर गावाबाहेरच्या, फारसे कोणी नाव न ऐकलेल्या कॉलेजात जावे लागतेय. अशा वेळी घरातले कोणीतरी काका हमखास म्हणतात, “आत तर शीर, सेकंड इयरला ब्रँच चेंज करून घेऊ.” मीही याच पेचात होतो, पण काकांचे न ऐकता साध्या कॉलेजात थेट कॉम्प्युटर घेतले. त्यामुळे पुढचे थोडे एकतर्फी वाटले, तर समजून घ्या.

काकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मोठ्या कॉलेजचे सीनियर पुढे कामी येतात, कॅम्पसला कंपन्या जास्त येतात आणि त्यातल्या बऱ्याच आयटी कंपन्या सगळ्या ब्रँचची मुले घेतात. माझा एक शाळासोबती मेकॅनिकलचाच राहिला आणि आज सॉफ्टवेअरमध्ये माझ्याइतकाच रमला आहे. शिवाय पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी जवळपास सामायिक असते, त्यामुळे बदल मिळालाच तर अभ्यासाचे फारसे अडत नाही. (स्वायत्त कॉलेजांत पहिल्याच वर्षी ब्रँचचे विषय असू शकतात, तेवढे पाहून घ्या.)

माझे घोडे अडले ते एका साध्या प्रश्नावर. पुढच्या वर्षी कॉम्प्युटरच्या जागा रिकाम्या होणार किती? हे विचारायला मी त्या नावाजलेल्या कॉलेजात गेलो. प्रवेशाच्या खिडकीवरून विभागात, विभागातून स्टुडंट सेक्शनमध्ये. सगळीकडे एकच उत्तर, “व्हेकन्सी असेल तर, मेरिटनुसार.” बरे, गेल्या वर्षी किती जणांना मिळाली? “ते बघावं लागेल.” कोणी उद्धटपणे बोलले नाही, पण आकडा काही कोणी दिला नाही. चार वर्षांची फी ज्या आशेवर भरायची, तिच्याबद्दल कोणी तोंडी शब्दसुद्धा देईना, याची चीड आली.

परतीच्या वाटेवर विचार केला तेव्हा कळले की उत्तर न मिळण्यातच उत्तर होते. ब्रँच बदलून मिळते ती रिकाम्या जागेवर, आणि जागा रिकामी होते ती कोणी सोडून गेले तर. नावाजलेल्या कॉलेजातली कॉम्प्युटरची सीट सोडून कोण जाणार? तिथे रिकाम्या राहिल्याच तर राहतात त्या ज्या ब्रँचमधून सगळ्यांना बाहेर पडायचे असते तिथल्या. आणि ज्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या जागा खरोखर सुटतात, तिथे ती कॅपमध्येच, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतच, मिळाली असती, मग वर्षभर थांबायचे कशाला? त्यातून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलेही याच उरलेल्या जागांवर डोळा ठेवून असतात.

पहिल्या वर्षाचा ताण वेगळाच. एकही विषय मागे राहून चालत नाही. एटीकेटी लागली की यादीतून नाव गेलेच समजा. कॉम्प्युटरची सीट इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीटवर ठरावी, ही गंमत मला अजून पचलेली नाही. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेने तर ब्रँच बदलण्याची सोय नव्या विद्यार्थ्यांसाठी बंदच केली, त्यामागेही पहिल्या वर्षाच्या या चढाओढीचा विचार होता.

ट्यूशन फी माफ होणाऱ्या टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर) योजनेतून जागा घेत असाल, तर हा प्रश्नच मिटतो. त्या योजनेत नंतर ब्रँचही बदलता येत नाही आणि कॉलेजही.

आता माझ्या कॉलेजबद्दलही खरे सांगतो. लॅबमधली यंत्रे जुनी होती, काही विषय ज्याचे त्याने यूट्यूबवर शिकायचे अशीच पद्धत होती, आणि चांगल्या कंपन्यांसाठी पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र भरतीला, दुसऱ्यांच्या दारात उभे राहावे लागले. कॉलेजचे नाव सांगितले की समोरचा “हे कुठे आलं?” विचारतो, ते आजतागायत. पण तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स सुरू झाले तेव्हा मी कुठल्याही यादीची वाट पाहत नव्हतो. माझ्यापुरते तेवढे पुरले. हे एका माणसाच्या अनुभवावरून बोलतोय, तेव्हा ते तेवढ्यापुरतेच धरा.

मेकॅनिकल मनापासून आवडत असेल, किंवा बदल नाही मिळाला तरी चार वर्षे तिथे सुखाने काढता येतील असे वाटत असेल, तर मोठे कॉलेज जरूर घ्या. बऱ्याच कॉलेजांत कॉम्प्युटरकडचा मायनर, म्हणजे मूळ ब्रँचसोबतचा जोडविषय, घेता येतो. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या चौकटीत त्याला 18 ते 20 जादा क्रेडिट लागतात, आणि ‘बदलून मिळेल’ या आशेपेक्षा ती वाट मला जास्त भरवशाची वाटते. तसेच त्याच कॉलेजचे आयटी किंवा एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स) तुमच्या टप्प्यात येतेय का तेही पाहा. कॉम्प्युटरच्या नावासाठी ते डावलण्यात फारसा अर्थ नाही.

कॅपचा पसंतीचा फॉर्म भरताना मात्र क्रम गमतीत लावू नका. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे मिळाले की जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की होते. 2025-26 पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींनाही हेच लागू झाले. म्हणजे ‘राहू दे वर, बघू नंतर’ म्हणून मोठ्या कॉलेजचे मेकॅनिकल वर टाकले आणि ते लागले, तर पुढच्या फेरीत कॉम्प्युटर मागायची सोय उरत नाही.