झिरो वेस्टचा ठराव करायचाय? वेंगुर्ला, इंदूर, पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को शेजारी ठेवून बघूया

तुमच्या नगरपालिकेत "शून्य कचरा शहर" (झिरो वेस्ट, म्हणजे डेपोवर कचरा टाकायची वेळच येऊ द्यायची नाही) असा ठराव येऊ घातला असेल, एखादी कंपनी कचरा प्लँटचं प्रेझेंटेशन देऊन गेली असेल आणि कचरा डेपोशेजारचे लोक धुराला कंटाळून गाड्या अडवायच्या तयारीत असतील, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. गाव 50-60 हजार वस्तीचं धरते. म्हणजे रोजचा कचरा ढोबळमानाने 15 ते 20 टन, आणि त्यातला निम्म्याहून जास्त ओला. हा ओला निम्मा नीट सांभाळला की बाकीचं सगळं सोपं होतं, आणि तो सुक्यात मिसळला की कुठलंही मशीन आणा, काही उपयोग नाही. माझं सगळं म्हणणं याच्यावरच उभं आहे, त्यामुळे आधीच सांगून टाकलं.

आता वेंगुर्ला. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 12 हजारांच्या आसपास. 2015 नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे डम्पिंग ग्राउंड नावाची गोष्टच संपवली, त्या जागेवर बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात इतकं ते चांगलं झालं. कचऱ्याचे वीसहून जास्त प्रकार वेगळे केले जातात, ओल्यातून बायोगॅस आणि त्यावर वीज, पालापाचोळ्याच्या कांड्या करून जळण, प्लास्टिकचा चुरा करून डांबरी रस्त्यात. यातलं एकही यंत्र फार भारी किंवा परदेशी नाहीये. श्रेडर (तुकडे करणारं), बेलिंग मशीन (सुक्या कचऱ्याचे गठ्ठे बांधणारं), कांडी मशीन, हे सगळं बिघडलं तर जवळपासचा मेकॅनिक बघू शकतो आणि एक बंद पडलं तरी बाकीचं चालू राहतं, लहान गावाला ही फार मोठी सोय आहे.

लोक म्हणतात वेंगुर्ला छोटं आहे म्हणून जमलं. अर्धं खरं आहे. पण कोकरे पुढे कल्याण-डोंबिवलीत उपायुक्त झाले, तिथे लाखांत वस्ती, आणि तिथलं आधारवाडीचं डम्पिंग 2021 च्या मे महिन्यात बंद झालं. मोठ्या शहरात कचरा संपला असं मी म्हणत नाहीये, तो दुसऱ्या प्रकल्पांकडे जातो, पण वर्गीकरणाचा आग्रह मोठ्या वस्तीतही धरता येतो एवढं त्यातून दिसतं. वेंगुर्ल्याच्या मार्गातली खरी अडचण वेगळी आहे, ती म्हणजे हे सगळं एका अधिकाऱ्याच्या जिद्दीवर उभं राहतं आणि मुख्याधिकाऱ्यांची बदली होतच असते. तो माणूस गेल्यावरही काम चालू राहील अशी सोय करायची असेल तर ती ठरावात आणि बजेटमध्ये लिहावी लागते.

इंदूरचं सगळंच मोठं. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला नंबर, देवगुराडियाच्या डेपोवरचा जुन्या कचऱ्याचा डोंगर सुमारे 13 लाख टनांचा, तो बायोमायनिंग करून (म्हणजे उकरून, चाळून, वेगळा करून) मोकळा केला, आणि तिथेच 2022 च्या फेब्रुवारीत रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गाड्यांत भरायचा गॅस करणारा बायो-सीएनजी प्लँट सुरू झाला. क्षमता रोज 17 हजार किलो गॅस आणि 100 टन खत. प्लँट खासगी भागीदारीत आहे, त्यात महापालिकेचा भांडवली खर्च नाही, उलट कंपनीच पालिकेला वर्षाला अडीच कोटी देते असा करार. हे ऐकून आपल्याकडचे नगरसेवक लगेच म्हणतात, चला आपणही तसंच करू, फुकटात होतंय.

पण तो करार शक्य झाला कारण प्लँटला मिळणारा ओला कचरा जवळजवळ शुद्ध असतो, आणि तो शुद्ध करायला त्यांनी आधी काही वर्षं घातली. रस्त्यावरच्या कुंड्या काढल्या, सुरुवात मोजक्या वॉर्डांत केली, मग शहरभर पसरवली. आता गाडीत सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. गाड्यांना जीपीएस, आणि न चुकता ठरलेल्या वेळेला गाडी. आपल्याकडे घंटागाडीला मध्ये पत्रा लावून दोन कप्पे केलेले असतात, बाई दोन डबे वेगळे आणून देते आणि पुढच्या चौकात मोठ्या ट्रकमध्ये दोन्ही एकत्र ओततात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि एकदा त्या बाईने हे बघितलं की ती परत कधी वेगळं करणार नाही, का करावं तिने? शिवाय 15 टनांच्या गावाला 550 टनांचं गणित लागू होत नाही. इंदूरकडून घ्यायचं असेल तर गाडीची शिस्त घ्या, प्लँटचा आकार नको. गॅसच करायचा असेल तर भाजी मंडई आणि हॉटेलांच्या कचऱ्यावर एक-दोन टनांचा छोटा बायोगॅस पुरतो.

पुण्याबद्दल मला जास्त सांगायचंय कारण ते आपल्याकडे नेहमी विसरलं जातं. इंदूरमध्ये गाडीला आणि प्लँटला मान, पुण्यात कचरावेचक बायांना. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना 1993 ची, आणि 2008 पासून त्यांची "स्वच्छ" ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलते. साडेतीन हजारांच्या आसपास सभासद. घरटी महिन्याचं शुल्क थेट त्यांना, आणि सुक्यातलं भंगार विकून आलेले पैसेही त्यांचेच. हा जो शेवटचा मुद्दा आहे ना, तो सगळ्यात महत्त्वाचा. ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात, म्हणजे जेवढं वजन जास्त तेवढं त्याचं बिल जास्त, मिक्स, ओलं, मातीसकट सगळं त्याला चालतं. वेचक बाईला मात्र पुठ्ठा कोरडा राहिला तर भाव मिळतो, दुधाची पिशवी स्वच्छ असेल तर भाव मिळतो, त्यामुळे ती स्वतःच्या पोटासाठी वर्गीकरण करते आणि तुमच्या दारात उभी राहून सांगतेही, ताई हे वेगळं द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यायची मोहीमही त्यांनीच चालवली, हाताने उघडून बघायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून. इतकी साधी गोष्ट, खर्च शून्य, आणि ती त्यांनाच सुचली कारण हात त्यांचा होता.

पुण्याची दुसरी बाजूही बघा. शहराजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं डेपो सोसला, विहिरींचं पाणी गेलं, शेवटी त्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा शहर हललं. मध्ये मोठमोठे प्लँट आले आणि त्यातले काही क्षमतेपेक्षा फार कमी चालले, वॉर्डातल्या छोट्या बायोगॅस प्लँटांनाही देखभालीचा त्रास झालाच. म्हणजे दारातलं काम उत्तम असूनही पुढची साखळी ढिली असली की डेपो तसाच राहतो.

जाळून वीज करायचा पर्याय तुमच्यासमोर नक्की ठेवला जाईल. माझं मत स्पष्ट आहे, लहान गावाने त्याच्या वाटेला जाऊ नये. आपला कचरा ओला असतो, त्याला आच धरत नाही. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये असा प्लँट उभा केला होता, कचरा जळण्याइतका कोरडाच नव्हता म्हणून काही आठवड्यांत बंद पडला. तंत्रज्ञान नंतर सुधारलं, पण करारातली एक अट बघाच: पालिकेने रोज अमुक टन कचरा पुरवलाच पाहिजे. म्हणजे एकीकडे कचरा कमी करायचा ठराव आणि दुसरीकडे 20-25 वर्षं कचरा कमी न होऊ द्यायची हमी. दोन्ही एका टेबलावर राहूच शकत नाहीत.

आता सॅन फ्रान्सिस्को, कारण ठराव कसा लिहायचा हे तिथून शिकता येतं. त्यांनी 2002 साली ठरवलं की 2010 पर्यंत 75 टक्के कचरा लँडफिलपासून (कचरा पुरायच्या जागेपासून) वळवायचा, म्हणजे तिथे न टाकता खत किंवा पुनर्वापराकडे न्यायचा, आणि पुढच्याच वर्षी 2020 पर्यंत शून्य कचऱ्याचं ध्येय घेतलं. 2009 मध्ये ओला कचरा वेगळा देणं कायद्याने बंधनकारक. निळा, हिरवा, काळा असे तीन डबे. 2012 मध्ये 80 टक्क्यांचा आकडा जाहीर झाला. पण 2020 चं शून्य काही आलं नाही, आणि त्या टक्केवारीत बांधकामाचा जड राडारोडाही धरला जायचा, त्यामुळे आकडा फुगायचा अशी टीका झाली. मग 2018 मध्ये न्यूयॉर्क, लंडन, पॅरिससारख्या 20 हून जास्त शहरांबरोबर त्यांनी नवी बांधिलकी घेतली: 2030 पर्यंत दरडोई कचरा 15 टक्क्यांनी कमी आणि लँडफिलमध्ये किंवा भट्टीत जाणारा कचरा 50 टक्क्यांनी कमी, 2015 च्या तुलनेत. फरक लक्षात घ्या. "किती वळवला" हे कागदावर कसंही दाखवता येतं, "डेपोवर किती टन पडला" हे काट्यावर दिसतं.

मग ठरवायचं कसं? वस्ती 25 हजारांच्या आत असेल तर वेंगुर्ला जवळजवळ जसंच्या तसं घ्या. 50 हजार ते लाखभर असेल तर दारातलं काम पुण्यासारखं, गावातल्या भंगार वेचणाऱ्या बायकांना आधी ओळखपत्र आणि बसून वर्गीकरण करायला शेड द्या, गाडीची वेळ इंदूरसारखी पक्की ठेवा, आणि ओल्यासाठी एकच मोठा प्लँट न करता दोन-तीन ठिकाणी कंपोस्ट. जवळ दुसरी नगरपालिका असेल तर बेलिंग मशीन दोघांत मिळून घेता येतं. वस्ती पाच लाखांच्या वर असेल तरच इंदूरच्या प्लँटकडे बघा, आणि तेही मिक्स कचरा बंद झाल्यावर.

ठरावात शून्य हा शब्द ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्याखाली तीन ओळी लिहून घ्या. डेपोच्या गेटवर वजनकाटा आणि दर महिन्याचे टन पालिकेच्या फलकावर. मिक्स कचरा आणणाऱ्या गाडीचं त्या दिवसाचं बिल नाही. राडारोड्याचं वजन वेगळं. सभेत या तीन ओळींना कोण विरोध करतं ते बघा आणि तो इतिवृत्तात नावासकट नोंदवायला लावा.