उपाध्यक्षपदाचा उमेदवार: पासंग हवा की जोडीदार?

किराणा दुकानातल्या जुन्या तराजूचं एक पारडं जरा वर राहायचं. मग वाणी त्या पारड्याला लोखंडाचा एक तुकडा बांधायचा. तो पासंग. काटा मध्यावर आणला की त्याचं काम संपलं. गिऱ्हाइकाच्या पिशवीत तो कधी जात नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी नाव ठरवतो तेव्हा ‘तिकिटाचा समतोल’ हे शब्द हमखास ऐकू येतात. तिकीट म्हणजे या दोघांची जोडी. उमेदवार उत्तरेचा असेल तर दक्षिणेचा माणूस घ्या, तरुण असेल तर मुरलेला घ्या, पक्षातल्या एका गटाचा असेल तर दुसऱ्या गटाचा घ्या. म्हणजे पासंगच शोधायचा. अडचण अशी की हा पासंग उद्या तराजूच्या मालकाच्या जागी बसू शकतो.

आपल्या उपराष्ट्रपतींवरून याचा अंदाज येत नाही. आपल्याकडे उपराष्ट्रपतींना खासदार वेगळे निवडतात आणि राष्ट्रपतींचं निधन झालं तर सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. १९६९ मध्ये झाकीर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी तेवढ्यापुरतेच कार्यवाहक राष्ट्रपती झाले. अमेरिकेत उपाध्यक्ष उरलेली सगळी मुदत राष्ट्राध्यक्ष म्हणून पुरी करतो. आजवरच्या पन्नास उपाध्यक्षांपैकी नऊजण असे मधेच वर गेले, आठ राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूमुळे आणि एक निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. दर पाच-सहा जणांत एक. घरासाठी कर्ज घेताना आपण याहून कितीतरी कमी शक्यतेचा विमा उतरवतो.

शिवाय हा निर्णय एकट्या उमेदवाराचा नाही. तिथे मतपत्रिकेवर दोन्ही नावं एकत्र असतात. वरच्याला हो आणि खालच्याला नाही, असं करता येत नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा टेक्ससमधल्या डॅलसमध्ये राहून नागरिकत्व घेतलेला मराठी मतदारही ही तुलना मनात करत असतोच. ती नीट कशी करावी हे मला इथे मांडायचं आहे, आणि त्यासाठी घडून गेलेल्या जोड्या शेजारी शेजारी ठेवण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

नकाशा पाहून निवडलेला: १९६० आणि १९८८

समतोलाचं नाव निघालं की सगळे १९६० कडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरही आहे. जॉन केनेडी त्रेचाळीस वर्षांचे, उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्सचे, कॅथलिक. दक्षिणेतल्या प्रोटेस्टंट मतदाराला या तिन्ही गोष्टी खटकणाऱ्या. लिंडन जॉन्सन टेक्ससचे, वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठे, सिनेटमधले (संसदेच्या वरच्या सभागृहातले) बहुमताचे नेते, आणि त्याच उमेदवारीसाठी केनेडींशी नुकतेच लढून हरलेले.

१४ जुलै १९६० चा तो दिवस लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात गेला. केनेडी नवव्या मजल्यावर, जॉन्सन बरोबर दोन मजले खाली. सकाळी केनेडी खाली उतरून विचारून आले. बातमी फुटली तशी कामगार संघटनांची आणि पक्षातल्या उदारमतवादी मंडळींची आग झाली. मग धाकटे बंधू रॉबर्ट पुन्हा पुन्हा खाली जाऊन जॉन्सन माघार घेतात का ते चाचपत राहिले. त्या जिन्यावर रॉबर्ट आणि जॉन्सन यांच्यामध्ये जी अढी बसली ती पुढे कधीच सुटली नाही. समतोलाच्या हिशेबात हा खर्च कोणी मांडत नाही, पण सरकार चालवताना तो रोज द्यावा लागतो.

फायदा मात्र खरा झाला. जॉन्सन आगगाडीने दक्षिणेत फिरले, गावोगावच्या पुढाऱ्यांना त्यांनी फलाटावर गाठलं. निवडणुकीच्या चार दिवस आधी डॅलसमध्ये विरोधकांच्या जमावाने त्यांना आणि त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांना घेरलं. अडॉल्फस हॉटेलची लॉबी ओलांडायला त्यांना सुमारे अर्धा तास लागला. चित्रं देशभर गेली आणि टेक्ससमधल्या अनेकांना ते वागणं लाजिरवाणं वाटलं. टेक्सस जेमतेम ४६ हजार मतांनी केनेडींच्या बाजूला आलं.

इथे आकडे जरा जवळून पाहा. अमेरिकेत प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मतं असतात, बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात, आणि राष्ट्राध्यक्ष त्यांच्या बेरजेवर ठरतो. केनेडींना ३०३ निर्वाचक मतं मिळाली, जिंकायला २६९ लागत होती. टेक्ससची २४ वजा केली तरी २७९ उरतात. म्हणजे एकट्या टेक्ससने निकाल फिरला नसता. पण टेक्ससबरोबर नॉर्थ कॅरोलायनाची १४ गेली असती तर २६५ वर अडकले असते. जॉन्सनचा उपयोग एका राज्यापुरता नव्हता, कॅथलिक उमेदवारामुळे बिथरलेल्या एका सबंध प्रदेशाला धरून ठेवण्यापुरता होता. हा फरक लक्षात न घेतल्याने पुढच्यांची गणितं चुकली.

१९८८ मध्ये तेच सूत्र जसंच्या तसं वापरलं गेलं. उमेदवार पुन्हा मॅसॅच्युसेट्सचे, मायकेल डुकाकिस. जोडीला पुन्हा टेक्ससचे वजनदार सिनेटर, लॉइड बेंट्सन. बेंट्सन माणूस उत्तम होते. ओमाहाला उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभेत समोरच्या पक्षाचे डॅन क्वेल यांनी आपल्या अनुभवाची तुलना केनेडींच्या अनुभवाशी केली, तेव्हा बेंट्सन यांनी शांतपणे सांगितलं की केनेडी माझे मित्र होते आणि तुम्ही केनेडी नाही. ते उत्तर आजही लोकांच्या तोंडी आहे. तरीही टेक्सस बारा टक्क्यांहून अधिक फरकाने डुकाकिस यांचे प्रतिस्पर्धी थोरले जॉर्ज बुश यांच्याकडे गेलं. त्याच दिवशी, त्याच टेक्ससच्या मतदारांनी बेंट्सनना सिनेटवर मात्र दणदणीत निवडून दिलं. तिथल्या कायद्याने दोन्ही जागा एकदम लढवता येत होत्या, आणि ही सोय जॉन्सन यांच्यासाठीच करून ठेवलेली होती.

या दोन निकालांतून मला दिसतं ते असं: जोडीदार आवडला म्हणून मतदार मुख्य उमेदवाराला पत्करत नाही. आणखी दोन पुरावे आहेत. २००० मध्ये अल गोर स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते आणि स्वतःचं टेनेसी हरले. तिथली ११ मतं मिळाली असती तर २६६ चे २७७ होऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले असते. मुख्य उमेदवाराला आपलं राज्य राखता येत नाही, तिथे दुय्यम उमेदवाराकडून काय अपेक्षा करायची? दुसरा पुरावा २०२४ चा. कमला हॅरिस यांनी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांना न घेता मिनेसोटाचे टिम वॉल्झ यांना घेतलं, म्हणून निवडणूक गेली असं अजून बोललं जातं. हॅरिस यांना २२६ मतं मिळाली. पेनसिल्व्हेनियाची १९ मिळवली तर २४५ होतात. लागतात २७०. शापिरो यांनी आपलं राज्य आणलं असतं असं मान्य केलं तरी हिशेब जुळत नाही.

अनुभवाचं पारडं: २००८

ओबामा सत्तेचाळीस वर्षांचे आणि सिनेटमध्ये पहिल्याच मुदतीत. त्यांनी जो बायडन यांना घेतलं. बायडन यांच्या डेलावेअरची मतं तीन, तीही आधीपासून त्यांच्याच पक्षाची. नकाशावर या निवडीने काहीच हललं नाही. पण बायडन १९७२ पासून सिनेटवर निवडून येत होते आणि परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते. जी उणीव मतदाराला दिसत होती, नेमकी तीच भरली गेली.

समोर जॉन मॅकेन. अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचं नाव त्यांनी ओहायोतल्या डेटन इथे जाहीर केलं त्या दिवशी ते बहात्तर वर्षांचे झाले. पेलिन यांना गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. तरुण, स्त्री, दूरच्या राज्यातल्या, पक्षातल्या कट्टर मतदारांच्या लाडक्या: समतोलाच्या यादीतल्या सगळ्या चौकटींत खूण बसत होती, आणि पहिले काही दिवस सभांना गर्दीही लोटली. पण मॅकेन यांचा सगळा प्रचार ‘अनुभव’ या एका शब्दावर उभा होता. ओबामा कच्चे आहेत असं म्हणायचं आणि बहात्तराव्या वर्षी आपल्यामागे त्याहून कच्चं माणूस ठेवायचं, यात त्यांचाच मुद्दा बाद झाला. टीव्हीवरच्या मुलाखतींत पेलिन अडखळल्या, त्या अडखळण्यापेक्षा ही विसंगती जास्त महाग पडली असं मला वाटतं. आपल्याला अनुभवी सिनेटर जो लिबरमन यांना घ्यायचं होतं आणि तेच करायला हवं होतं, हे मॅकेन यांनी पुढे स्वतः मान्य केलं.

घाईबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी पक्षाच्या अधिवेशनाच्या गडबडीत टॉमस ईगलटन यांना घेतलं आणि अठरा दिवसांत ईगलटन यांना बाजूला व्हावं लागलं. नैराश्यावर त्यांनी पूर्वी रुग्णालयात राहून विजेचे उपचार घेतले होते, ते आधी सांगितलेलं नव्हतं. आजारपण हा दोष नव्हे. पण विचारपूस न करता निवडणं आणि ‘मी यांच्या पाठीशी ठाम आहे’ म्हणून काही दिवसांतच हात सोडणं, यात मॅकगव्हर्न यांच्या शब्दाची किंमत गेली.

समतोल न साधणारी जोडी: १९९२

बिल क्लिंटन आर्कान्सॉचे, अल गोर शेजारच्या टेनेसीचे. एक पंचेचाळीस वर्षांचा, दुसरा चव्वेचाळीस. दोघे दक्षिणेतले, दोघे बाप्टिस्ट, दोघे पक्षाच्या मधल्या गटाचे. जुन्या हिशेबाने ही निवड चुकीची. पण त्यांचा पक्ष लागोपाठ तीन निवडणुका हरलेला होता, आणि लोकांना ‘हे वेगळे आहेत, नव्या पिढीचे आहेत’ एवढं एकच सांगायचं होतं. अधिवेशन संपताच दोघे बायकांसह न्यूयॉर्कहून बसने निघाले आणि लहान गावांतून फिरत सेंट लुईसला पोचले. चौघं एकत्र दिसले की वेगळं भाषण लागत नव्हतं. निकाल ३७० विरुद्ध १६८.

तरी आत एक बारीक समतोल होताच. क्लिंटन यांनी व्हिएतनाम युद्धाची लष्करी सेवा टाळली असा आरोप होता, गोर तिथे जाऊन आले होते. क्लिंटन यांनी वॉशिंग्टनमध्ये पद सांभाळलेलं नव्हतं, गोर सिनेटर होते. तिथे दुरुस्ती स्वभावाची आणि अनुभवाची केली, भूगोलाची नाही.

दोन जॉन्सन

माझं मत ज्या तुलनेवर उभं आहे ती आता सांगतो. अमेरिकेच्या इतिहासात जॉन्सन नावाचे दोन उपाध्यक्ष पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. दोघे दक्षिणेतले, दोघे समतोलासाठी घेतलेले, आणि दोघांचेही राष्ट्राध्यक्ष गोळी लागून गेले.

पहिले अँड्र्यू जॉन्सन. १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू असताना लिंकन यांच्या पक्षाने गुलामीच्या कडव्या विरोधकाला, मेन राज्याच्या हॅनिबल हॅमलिन यांना, उपाध्यक्षपदावरून उतरवलं आणि टेनेसीचे विरोधी पक्षातले जॉन्सन घेतले. ते संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले, धाडसी होते, यात शंका नाही. लिंकन २१२ विरुद्ध २१ मतांनी जिंकले. म्हणजे त्या पासंगाची गरजसुद्धा नव्हती. पुढच्या वर्षी उपाध्यक्ष होऊन बेचाळीस दिवस झाले आणि जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. मुक्त झालेल्या गुलामांना कसायला दिलेल्या जमिनी त्यांनी जुन्या मालकांना परत करायला लावल्या. १८६६ चं नागरी हक्कांचं विधेयक त्यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते त्यांच्या विरोधाला न जुमानता मंजूर केलं. १८६८ मध्ये महाभियोगातून ते एका मताने वाचले. नुकत्याच मोकळ्या झालेल्या चाळीस लाख माणसांच्या आयुष्यावर या एका निवडीचा भार पडला.

दुसरे लिंडन. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी गेले. ज्या दक्षिणेला सांभाळण्यासाठी या माणसाला घेतलं होतं, त्याच दक्षिणेच्या सिनेटरांना नमवून त्याने १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा करून घेतला. १९६० मध्ये बिल्टमोरमध्ये संतापलेल्या उदारमतवाद्यांना हे कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. व्हिएतनामचं युद्धही याच माणसाने वाढवलं, तेही विसरता येत नाही.

कागदावर दोन्ही जॉन्सन एकाच रकान्यात बसतात. म्हणून रकान्यावर विसंबू नये. मतभेद कशाबद्दल आहे ते पाहावं. करांचे दर, व्यापाराचे करार, सरकारी खर्च यांवर जोडीदाराचं मत वेगळं असेल तर चालेल, पक्ष त्याने रुंदच होतो. पण उमेदवार ज्या एका कामासाठी उभा आहे, त्याच कामाबद्दल जोडीदाराच्या मनात नकार असेल तर त्याच्यामुळे दहा राज्यं मिळत असली तरी मी त्याला घेणार नाही.

मग यादीत शेवटी दोन नावं उरली तर कोणतं घ्यावं?

उमेदवार एखाद्या मोठ्या गटाला परका वाटत असेल आणि तो गट अजून काठावर असेल, तर त्या गटाचा विश्वासू माणूस घ्यावा. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी माइक पेन्स यांना घेऊन धर्मनिष्ठ मतदारांना असाच दिलासा दिला. मात्र असा माणूस स्वतःच्या निष्ठा घेऊन येतो हेही धरून चालावं. ट्रम्प हरल्यावर ६ जानेवारी २०२१ रोजी पेन्स यांनी संसदेतली निर्वाचक मतांची मोजणी थांबवायला नकार दिला, आणि तो योग्यच होता. फक्त एका राज्यासाठी कोणाला घेण्याचा सल्ला मी देणार नाही. उमेदवार सत्तरीच्या पुढचा असेल तर बाकी सगळे निकष मागे ठेवून एकच प्रश्न विचारावा: हा उद्या सकाळी कारभार हाती घेऊ शकेल का? मतदारानेही तोच विचारावा.

आणि नाव ठरलं की जाहीर करण्याआधी कामाचं बोलून घ्यावं. हॅरी ट्रुमन रूझवेल्ट यांचे ब्याऐंशी दिवस उपाध्यक्ष होते. अणुबॉम्ब तयार होतोय हे त्यांना १२ एप्रिल १९४५ ला, रूझवेल्ट गेल्यावर, शपथ घेतल्यानंतर कळलं. जॉर्जियाचे जिमी कार्टर वॉशिंग्टनला नवखे होते, म्हणून त्यांनी मिनेसोटाचे सिनेटर वॉल्टर माँडेल यांना घेतलं. सरकार येण्याआधीच, डिसेंबर १९७६ मध्ये, उपाध्यक्षाने नेमकं काय करायचं हे माँडेल यांनी लिहून दिलं आणि कार्टर यांनी ते मान्य केलं. राष्ट्राध्यक्षांपुढे येणारे गोपनीय कागद पाहायला मिळतील, आठवड्यातून एकदा दोघंच जेवायला बसतील आणि कार्यालय व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात, राष्ट्राध्यक्षांच्या खोलीपासून काही पावलांवर असेल. तोवर उपाध्यक्षांची कार्यालयं रस्त्यापलीकडच्या इमारतीत नाहीतर सिनेटमध्ये असत. माँडेल यांच्यानंतरच्या प्रत्येक उपाध्यक्षाला ती पश्चिमेकडची खोली मिळाली आहे.