पेट्रोलचा हिशोब ठेवणारं ॲप, आठ महिने वापरल्यावर

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या प्रकारची सगळी ॲप्स थोड्याफार फरकाने सारखीच आहेत आणि मी जे रडगाणं गाणार आहे त्यातलं निम्मं माझ्याच चुकांचं आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, 35 लिटरची टाकी, घर इंदूरला तिलकनगरात आणि नोकरी पीथमपूरला, म्हणजे रोज अर्धा रस्ता पलासियाच्या सिग्नलला घासत आणि अर्धा राऊच्या पुढे मोकळा.

पहिले दोन महिने अक्षरशः वाया गेले. मला सवय पाचशेचं टाकायची. तेव्हा 106 रुपयांच्या वर भाव, म्हणजे पावणेपाच लिटरही यायचं नाही, आणि मी दर वेळी इमानदारीत नोंद करायचो. ॲप कधी 9 चा ॲव्हरेज दाखवायचं कधी 41 चा. मी वैतागून एक स्टार देणारच होतो, मग कळलं की नोंद करताना खाली एक बारीक खूण असते, टाकी फुल की अर्धवट, आणि ती आधीपासूनच फुलवर असते!! हा त्यांचा दोष, मी माफ करणार नाही. खरा हिशोब फुल टू फुलच होतो. आज फुल केली, चालवली, परत फुल केली, तर दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढंच मधल्या किलोमीटरला जळलं. मध्ये पाचशेचं टाकलं असेल तर तेही लिटर मिळवायचे. पहिल्या फुलला ॲव्हरेज निघतच नाही, ती फक्त सुरुवात.

तरी एका टाकीवर विश्वास ठेवू नका. टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं, त्या ऑटो कटनंतर पंपावरचा पोरगा विचारतो "भिया, राउंड कर दूं?", म्हणजे रक्कम गोल होईपर्यंत अजून टाकू का, आणि आपण मान हलवतो, त्यात अर्धा-एक लिटर कधी जास्त जातो कधी नाही. 20 लिटरमध्ये 1 लिटरचा फरक म्हणजे 5 टक्के, तिथेच 18 चा 17 होतो आणि आपण मेकॅनिककडे पळतो. मी आता पहिल्या कटलाच थांबवतो, शक्यतो त्याच पंपावर, आणि तीन-चार टाक्या मिळून बघतो. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा माझ्याकडे कायम दीड-दोनने जास्त असतो, त्यावर खूश व्हायचं असेल तर व्हा.

एक मोठी चूक ॲपमध्येच आहे. एकूण ॲव्हरेज काढताना हे सगळ्या टाक्यांच्या ॲव्हरेजचा सरळ ॲव्हरेज काढतं. माझं उदाहरण, हायवेच्या टाकीत 480 किमीला 24 लिटर म्हणजे 20, शहरातल्या टाकीत 260 किमीला 20 लिटर म्हणजे 13. ॲप म्हणतं 16.5. अरे पण एकूण 740 किमी आणि 44 लिटर, भाग दे ना, 16.8 येतो. फरक लहान वाटतो पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही. दोनदा मेल केला, उत्तर नाही.

हल्ली कुणाचाही ॲव्हरेज पडला की सगळे ई-20 ला, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला, शिव्या घालतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलपेक्षा 6-7 टक्के ऊर्जा कमी, हे खरंच आहे. पण 18 चे थेट 14 झाले तर आधी टायरची हवा बघा. आणि मे महिन्यात एसी लावून पलासियाला उभं राहून ॲव्हरेज मागू नका.

ट्रिपचा खर्च हा भाग मात्र मला मनापासून आवडला. बायकोचं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं, त्यामुळे धार-झाबुआ-दाहोद-गोध्रा हा रस्ता पाठ आहे. निघताना इंदूरला फुल केली. बडोद्यात पोचलो 352 किमी, 17.6 लिटर मावलं, बरोबर 20. परत येताना गावातलं फिरणं धरून दाहोदपर्यंत 214 किमीला 12.4 लिटर, आणि घरी आल्यावर 205 किमीला 11.4, म्हणजे 18. मेहुणा म्हणाला भावजी येताना जोरात हाणली असेल. नाही रे बाबा, बडोदा जवळजवळ समुद्रसपाटीला आणि इंदूर साडेपाचशे मीटरवर, माळव्याचं पठार चढायचं म्हणजे माछलिया घाट पेट्रोल पिणारच.

आता पैसे. गुजरातेत मला 94.50 ने मिळालं, इंदूरला 106.50. म्हणून पिटोलची बॉर्डर यायच्या आधी दाहोदला टाकी भरणं हा आमच्याकडचा जुना धर्म आहे. ॲपमध्ये ट्रिपला एकच भाव टाकता येतो, 41.4 लिटर गुणिले 106.50, 4,409 रुपये. खरी तीन बिलं मिळून 4,049. तेव्हा लक्षात आलं की निघताना फुल आणि आल्यावर फुल असेल तर हिशोब करायचाच नसतो, मधली बिलं बेरीज करा, तोच खर्च. किलोमीटरला सव्वापाच रुपये, टोल वेगळा. हा सव्वापाचचा आकडा मला ॲव्हरेजपेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण चौघं जाणार असू तर बस की गाडी हे दोन मिनिटांत ठरतं.

मागच्या महिन्यात अचानक 34.8 चा ॲव्हरेज आला. 730 किमी, 21 लिटर. मी आनंदाने बायकोला दाखवला सुद्धा. मग उमगलं की मध्ये एक टाकी नोंदलीच नाहीये, त्या दिवशी गाडी बाबांनी नेली होती. ते ॲप वगैरे वापरत नाहीत. विचारलं तर उठले, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहिलेलं दाखवलं, 22 लिटर, शेजारी मीटरचं रीडिंग, आणि खाली बारीक अक्षरात "पोरगा राउंड करत होता, नको म्हटलं".