छोट्या हत्तीतली कपाटं : दहा महिने आणि एक पावसाळा

मी चिपळूणला एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. गुहागरची लॉज, दापोलीची हॉटेलं, कधी कुंभार्ली घाट चढून पाटणपर्यंत जाणं होतं. एप्रिलमध्ये बंद बॉडीच्या छोट्या हत्तीत, म्हणजे टाटा एस टेम्पोत, कपाटं बसवून घेतली. त्याआधी सगळं सामान गोणीत आणि क्रेटमध्ये असायचं. तांब्याचा पाइप जोडायचा एक फ्लेअर नट शोधायला अर्धी गाडी खाली उतरवावी लागायची.

आतली लांबी सात फुटांच्या आसपास. डावीकडे 16 इंच खोल कपाट, उजवीकडे 10 इंचाची फळ्यांची मांडणी, मध्ये अडीच फुटांची वाट. ही वाट कमी करू नका. व्हॅक्यूम पंप उचलून वळायचं असतं तेव्हा तिची किंमत कळते.

सुतारानं आधी 19 मिमी प्लायचा हिशेब दिला होता. घरात ते ठीक आहे. पण आठ बाय चारची तशी एक शीट पस्तीस किलोच्या पुढे जाते, 12 मिमीची तेवीसच्या आसपास भरते. गाडीत रोज वाहायचं वजन आहे हे, म्हणून मी 12 मिमी धरली आणि कोपऱ्यांना अँगल लावले. दहा महिन्यांत एकही फळी वाकलेली नाही.

त्रास झाला तो बसवण्यात. फॅब्रिकेटरनं कपाटं बॉडीच्या पत्र्यालाच पॉप रिव्हेट मारून दिली. तीन आठवड्यांत रिव्हेटची भोकं लांबट झाली आणि भरलेलं कपाट खड्ड्यागणिक पत्रा ओढू लागलं. पत्रा पातळ, त्याच्यावर भार टाकायचाच नाही. सगळं उतरवून पुन्हा केलं : पत्र्यामागच्या उभ्या चौकोनी पाइपांना आणि खाली फ्लोअरच्या आडव्या चॅनेलना आरपार एम8 (8 मिमी जाडीचे) बोल्ट, रुंद वॉशर, नायलॉक नट. नायलॉक नट एकदा उघडला की मी नवीनच लावतो, कारण आतल्या नायलॉनच्या कड्याची पकड कमी होते. तेव्हापासून महिन्यातून एकदा सगळ्यांवर पाना फिरवतो. आता क्वचितच एखादा हलतो.

प्रत्येक बोल्ट म्हणजे पावसाला एक दार, हे जूनमध्ये समजलं. बाहेरच्या डोक्याखाली रबरी वॉशर आणि पीयू सीलंट घातलं तेव्हा गळती थांबली. पण भिंतीच्या पत्र्याला आतून घाम येतो, त्याला सीलंट काय करणार? कपाटाची पाठ भिंतीपासून इंचभर पुढे घेतली, म्हणजे मागे हवा खेळते. तळाच्या एका खणाला पैसे वाचवायला साधी एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) प्लाय वापरली होती, ती ऑगस्टपर्यंत कडेनं फुगली. बाकीची आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याची मरीन प्लाय, कापलेल्या कडांना दोन हात ऑइल पेंट, ती जशीच्या तशी आहे. मला विचाराल तर पैसे वाचवायचे ते सनमायकात वाचवा, प्लायमध्ये नको.

कुंभार्लीच्या वळणांनी दुसरी चूक दाखवली. ओढायच्या खणांना स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला असतात तसे बॉल बेअरिंगचे चॅनेल लावले होते. एका वळणावर तिन्ही खण एकदम बाहेर आले, ब्रेझिंगच्या कांड्या आणि फ्लेअरिंग टूल जमिनीवर. आता तिन्ही खणांवरून एकच उभी लोखंडी पट्टी येते : वर बिजागरी, खाली कडी. एका हातानं उघडते. दारांचे मॅग्नेटही काढले, त्यांच्या जागी वरून खाली पडणारे टॉवर बोल्ट आहेत. गाडी हादरली तरी दांडी आपल्या वजनानं खालीच राहते.

जड सामान तळाला, मागच्या ॲक्सलच्या जवळ. वरच्या फळ्यांवर फक्त इन्सुलेशन, टेप, रिमोट, कपॅसिटर, आणि फळीला पुढून दोन इंचांची पट्टी. तांब्याच्या पाइपाची वेटोळी खुंटीवर आडवी टांगतो, दबत नाहीत.

एसीत भरायच्या गॅसचे सिलिंडर मात्र कपाटात ठेवले नाहीत. त्यातला आर-32 हा गॅस पेट घेऊ शकतो, हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर वासावरून सहज कळत नाही. बंद खणात तो तळाशी साठेल. म्हणून दोन पट्ट्यांनी बांधलेले, उभे, दाराजवळ, आणि तिथे फ्लोअरलगत जाळी कापून घेतली आहे. सध्या एकाच बाजूला जाळी आहे. पुढच्या आठवड्यात समोरच्या बाजूलाही कापणार आहे, म्हणजे वारा आरपार जाईल. एमआर प्लायचा तो फुगलेला खणही त्याच दिवशी बदलून घेईन.